‘दोष’ या शब्दाची चिकित्सा



आजच्या व्याख्यानाला ‘जनुकीय वैविध्य आणि अपस्मार’ असं नाव दिलंय. ते वाचून काहींना वाटलं असेल, की तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर डॉक्टरांच्या रानात कशाला शिरतोय? शंका रास्त आहे. औषध कोणतं घ्यावं, तपासणी कधी करावी, हे आम्ही सांगणार नाही. त्यासाठी सेवाग्राम आहे, सावंगी आहे. आम्ही फक्त एका शब्दाकडे बघणार आहोत. मराठीत ‘चिकित्सा’ म्हणजे उपचार आणि ‘चिकित्सा’ म्हणजे कसून केलेली तपासणी. पहिली डॉक्टरांनी करावी, दुसरी आमच्यासारख्यांनी. तपासायचा शब्द आहे ‘जनुकीय दोष’.

आपल्या वर्धा जिल्ह्यात या आजाराला किती नावं आहेत बघा. कुणी फीट म्हणतं, कुणी मिरगी, कुणी फेफरं, कुणी आकडी. शास्त्रीय नाव अपस्मार, म्हणजे स्मृती जाणं, भान हरपणं. माणूस पडला की कांदा हुंगवायचा, जोडा हुंगवायचा, हातात लोखंड द्यायचं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्याचा काही उपयोग नाही हे आता बऱ्याच जणांना कळलंय. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपला आपणच थांबतो आणि श्रेय जोड्याला मिळतं. बाहेरची बाधा, देवाचा कोप ही कारणंही मागे पडत चालली आहेत. त्यांच्या जागी आता नवं कारण आलंय. सोयरिकीच्या बोलण्यात कुणीतरी हळूच सांगतं, “पोरीले फीट येते म्हंते. मायच्या घरचंच हाये ते, खानदानात हाये.” शिकलेला माणूस तेच जरा शुद्ध भाषेत सांगतो, “जनुकीय दोष आहे.” ऐकणाऱ्याला दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच लागतो: या घरात मुलगी देऊ नका, इथली मुलगी करू नका.

गंमत अशी, की आनुवंशिकतेची कल्पना या आजाराच्या चर्चेत पहिल्यांदा आली ती रोग्याच्या सुटकेसाठी. इसवी सनापूर्वी सुमारे ४०० वर्षांच्या आसपासचा ‘पवित्र रोगाविषयी’ नावाचा एक ग्रीक ग्रंथ आहे, हिपोक्रेटिसच्या परंपरेतला. त्या काळी ग्रीक लोक अपस्माराला देवानं धाडलेला रोग मानत. ग्रंथकार म्हणतो, की हा रोग इतर रोगांहून जास्त पवित्र वगैरे काही नाही. याचं मूळ मेंदूत आहे, आणि इतर रोग जसे वंशात उतरतात तसाच हाही उतरतो. वंशाचा मुद्दा त्यानं देवाच्या कोपाविरुद्ध पुरावा म्हणून मांडला. रोग निसर्गातला आहे, तेव्हा मांत्रिकाचा त्यावर हक्क नाही, असा त्याचा रोख होता. म्हणजे ज्या कल्पनेनं रोग्याला देवाच्या रागातून सोडवलं, तीच कल्पना पुढे घराण्याच्या मानेवर बसली. हे कसं झालं, याचा बराचसा उलगडा ‘दोष’ या शब्दात होतो.

‘दोष’ हा शब्द मराठीत एकटा येत नाही. तो आपल्याबरोबर मंगळदोष आणतो, पितृदोष आणतो, दृष्टदोष आणतो. ‘दोष कुणाचा?’ असं आपण विचारतो तेव्हा आपल्याला कारण नको असतं, गुन्हेगार हवा असतो. इंग्रजी शास्त्रग्रंथात यंत्रातल्या बिघाडासाठी किंवा रचनेतल्या उणिवेसाठी वापरलेला शब्द आपण ‘दोष’ म्हणून मराठीत आणला, आणि तो लगेच पत्रिकेतल्या मंगळाशेजारी जाऊन बसला. कुणी त्याऐवजी ‘विकृती’ म्हणतात. ते तर आणखी वाईट.

आयुर्वेदातही दोष आहेत, असं कुणी म्हणेल. आहेत ना. चरकानं अपस्माराचे वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक असे चार प्रकार सांगितले, ते दोषांवरूनच. पण आयुर्वेदातले वात, पित्त, कफ हे तीन दोष प्रत्येकाच्या अंगात असतात. त्यांच्यावाचून शरीर चालत नाही. त्या अर्थी दोष असणं हा कुणाचा कमीपणा ठरत नाही, त्यांचं संतुलन बिघडलं की रोग होतो. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बीजाचा विचार आहे. बीजाचा जो भाग बाधित, तो अवयव बाधित होतो. तो भाग बाधित नसेल तर आईबापांचा रोग अपत्यात येत नाही. दोन्ही घडू शकतं, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. एवढा सावधपणा आमच्या सोयरिकीच्या बैठकीत दिसत नाही.

आता आजचं विज्ञान काय म्हणतं ते बघू. इथे एक भेद नीट लक्षात घ्यावा लागेल, कारण मराठीत तो पुसला गेलाय. ‘जनुकीय’ आणि ‘आनुवंशिक’ हे दोन शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो. ते एक नाहीत.

ड्रावे सिंड्रोम नावाचा बालवयातला एक गंभीर अपस्मार आहे. फ्रेंच डॉक्टर शार्लट ड्रावे यांनी त्याचं वर्णन १९७८ साली केलं. २००१ साली कळलं, की या मुलांच्या एससीएन१ए नावाच्या जनुकात बदल असतो. हे जनुक मज्जापेशींतल्या सोडियमच्या वाटांचं एक प्रथिन घडवतं. विजेचा संदेश त्याच वाटांच्या उघडझापीवर चालतो. हा आजार जनुकीय आहे यात वाद नाही. पण यांतल्या बहुसंख्य मुलांच्या आईबापांत तो बदल नसतोच. तो मुलात नव्यानंच झालेला असतो. म्हणजे आजार जनुकीय आहे आणि तरी खानदानात नाही. असे नवे बदल आपल्या प्रत्येकात असतात, साधारण साठ-सत्तर. इथे बसलेल्या प्रत्येकाच्या अंगात आईबापांकडे नसलेली अशी काही डझन अक्षरं आहेत. त्यांतली बहुतेक कुठेतरी निरुपद्रवी जागी पडतात, एखाद्याचं नेमकं वर्मी लागतं. याला दोष म्हणायचं तर या सभागृहात निर्दोष कोणीच नाही.

दुसरा प्रकार खरोखर घराण्यातून येणाऱ्या अपस्मारांचा. ते आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. १९९५ साली अपस्माराशी जोडलेलं पहिलं जनुक सापडलं ते अशाच एका प्रकारात, जिथे झटके रात्री झोपेत येतात आणि पिढ्यान् पिढ्या दिसतात. लाफोरा नावाचा एक दुर्मीळ आणि फार क्रूर आजार आहे. त्यात आई आणि वडील दोघांकडूनही बदललेली प्रत यावी लागते, म्हणून जवळच्या नात्यातल्या लग्नांत तो जास्त दिसतो. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे आहे, तेव्हा हे माहीत असलेलं बरं. पण एकाच जनुकावर असे उभे असलेले प्रकार एकूण अपस्मारात थोडे.

तिसरा प्रकार सर्वांत मोठा, आणि सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहे. त्यात एक जनुक नसतं, पुष्कळ असतात, आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटानं २०२३ साली जवळपास ३० हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जनुकसंचातली २६ ठिकाणं अपस्माराशी जोडलेली निघाली. पण त्या अभ्यासातले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे होते. तिथल्या गणितावरून देवळीच्या किंवा आष्टीच्या माणसाची जोखीम सांगणं म्हणजे नागपूरच्या पावसाच्या नोंदीवरून कोकणात पेरणीचा सल्ला देणं.

मग नात्यात कुणाला अपस्मार असेल तर धोका किती वाढतो? अमेरिकेतल्या मिनेसोटात, रॉचेस्टर इथल्या अनेक दशकांच्या नोंदींवरून २०१४ साली एक हिशेब प्रसिद्ध झाला. वयाच्या चाळिशीपर्यंत सर्वसाधारण माणसांत अपस्मार होण्याचं प्रमाण शंभरात एकाहून थोडं अधिक. आईवडील, भावंडं किंवा मुलं यांच्यापैकी कुणाला अपस्मार असेल, तर शंभरात पाचाच्या आत. कुणी म्हणेल, धोका तिप्पट झाला. खरंय. आणि शंभरातल्या पंच्याण्णवांना काही होत नाही, हेही तेवढंच खरंय. सोयरिकीत तिप्पट ऐकू येतं, पंच्याण्णव ऐकू येत नाही.

म्हणून ‘प्रवणता’ या शब्दाकडे वळू. प्रवण म्हणजे उतार असलेलं. उतार असला म्हणजे पाणी आलंच पाहिजे असं नाही, आलं तर त्या बाजूला वाहील. जनुकीय वैविध्यानं अपस्माराची प्रवणता येते म्हणजे एवढंच.

इथे आम्हाला आमच्या शास्त्राची मदत होते. न्यायदर्शनात कारणाची चर्चा करताना कुंभाराच्या गाढवाचं उदाहरण येतं. घडा तयार होण्याआधी माती आणणारं गाढव हजर असतं, तरी ते घड्याचं कारण नव्हे. माती दुसऱ्या कशावरही लादून आणता आली असती. अशाला नैयायिक ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. आधी होतं एवढ्यानं कारण होत नाही. आता बघा, ‘तिच्या मावशीला पण यायची’ हे वाक्य पुष्कळदा कुंभाराचं गाढव असतं. मावशीला लहानपणी डोक्याला मार लागला असेल, भाचीला मेंदूत जंताची गाठ झाली असेल. दोघींचं नातं खरं, दोघींचा आजार खरा, आणि तरी एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

आणि जिथे संबंध आहे तिथेही तो कसा आहे? समजा, हिंगणघाटकडच्या एखाद्या जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीला आग लागली. ठिणगी पडली, कापूस वाळलेला होता, वारा होता, पाण्याची टाकी रिकामी होती. कारण कोणतं? १९६५ साली जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञानं हेच विचारलं आणि सांगितलं, की आपण ज्याला ‘कारण’ म्हणतो तो बहुधा एका जुडग्यातला एक धागा असतो. तो एकटा पुरेसा नसतो, पण त्या जुडग्याला त्याच्यावाचून चालत नाही. आणि दुसऱ्या एखाद्या जुडग्यानंही आग लागली असती. जनुकीय प्रवणता हा असा धागा आहे. आमचे नैयायिक त्याला सहकारी कारण म्हणतील. सहकाऱ्यालाच सगळ्याचा मालक ठरवणं ही तर्कातली चूक आहे. तिची किंमत मात्र माणसं मोजतात.

जुडग्यातले बाकीचे धागे कोणते? बाळंतपणात बाळाचा श्वास कोंडणं, मेंदूज्वर, रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला मार, पक्षाघात. आणि फीतकृमी. माणसाच्या आतड्यातल्या फीतकृमीची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, पाण्यातून आणि न धुतलेल्या भाजीपाल्यातून दुसऱ्याच्या पोटात जातात, आणि त्यांतून निघालेल्या अळ्या मेंदूत पोचून गाठ करतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की जिथे हा कृमी मुरलेला आहे तिथे अपस्माराच्या शंभर रुग्णांतले सुमारे तीस त्याचे असू शकतात. डुकराचं मांस कधीही न खाणाऱ्या माळकरी घरातही हा आजार येतो, कारण अंडी भाजीवरून येतात. याच संघटनेच्या अंदाजानं जगातले एक चतुर्थांश अपस्मार टाळता येण्यासारखे आहेत. संडास, स्वच्छ पाणी, नीट बाळंतपण, डोक्यावर हेल्मेट. सगळा भार जनुकांवर टाकला की या गोष्टींची जबाबदारी कुणावरच उरत नाही. खानदानाला नावं ठेवायला पैसे लागत नाहीत, नाली बांधायला लागतात.

आता या कल्पनेनं कायद्यात काय केलं ते बघा. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यानं १८९५ साली अपस्मार असलेल्यांच्या लग्नावर बंदी घातली. जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यावर जुलै १९३३ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला. त्याच्या यादीत ‘आनुवंशिक अपस्मार’ नाव घेऊन होता. ब्रिटनमधली लग्नाची बंदी १९७० साली उठली. आपण काय केलं? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मुळात अपस्माराचा उल्लेख नव्हता. १९७६ च्या दुरुस्तीनं तो आला, आणि ‘वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके’ असा, वेडाला जोडून आला. जग तो शब्द काढत असताना आपण तो घातला. १९९९ च्या दुरुस्तीनं तो वगळला. तेवीस वर्षं तो आपल्या कायद्यात बसला होता.

कायद्यातून गेला, बोलण्यातून गेला नाही. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे पत्नीच्या अपस्माराच्या कारणावरून घटस्फोट मागणारं एक प्रकरण आलं. आपला जिल्हा याच खंडपीठाखाली येतो. न्यायालयानं सांगितलं, की अपस्मार हा असाध्य रोगही नाही आणि मानसिक विकारही नाही, त्यावरून घटस्फोट मिळणार नाही. निकाल चांगला आहे. पण वगळलेला शब्द पुन्हा दुसऱ्या कलमाच्या दारानं न्यायालयात आला, हेही विसरू नये.

इथपर्यंत टीका करणं सोपं होतं, कारण ती दुसऱ्यांवर होती. आता आपल्या बाजूच्या माणसांवर. जनजागृतीच्या भाषणांत एक वाक्य हमखास असतं: ‘फीट हा आनुवंशिक आजार नाही, म्हणून अशी व्यक्ती लग्न करू शकते.’ हेतू उत्तम. पण हे वाक्य आम्हाला दोन ठिकाणी खटकतं. एक, ते सरसकट खरं नाही. काही अपस्मार आनुवंशिक असतात. दुसरं जास्त महत्त्वाचं. त्यातल्या ‘म्हणून’कडे बघा. या ‘म्हणून’चा अर्थ असा होतो, की आनुवंशिक असता तर लग्न करता आलं नसतं. म्हणजे ज्याच्या घरात तो खरोखर पिढ्यांतून येतो, त्याला आपण आपल्याच हातानं बाहेर ढकललं. माणसाच्या मानाचा आधार एखाद्या प्रयोगशाळेच्या अहवालावर ठेवला, की उद्या अहवाल उलटा आला म्हणजे मानही जातो.

हे आम्ही हवेत बोलत नाही. याच जिल्ह्यात त्याचा पडताळा आहे. कुष्ठरोग घ्या. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेतले नामांकित डॉक्टर तो आनुवंशिक मानत होते. १८७३ साली तिथल्याच हॅन्सन यांना त्याचा जंतू दिसला. म्हणजे ‘आनुवंशिक नाही’ हे सिद्ध झालं. मग बहिष्कार थांबला का? नाही. आधी वंशाचा म्हणून दूर ठेवत, नंतर लागणारा म्हणून दूर ठेवू लागले. कारण बदललं, वागणूक तीच राहिली. पुढे बहुविध औषधोपचार आले, रोग बरा होऊ लागला, तरी कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत होतं.

आणि याच वर्ध्यात दुसरी वाटही दिसली. मनोहर दिवाणांनी १९३६ साली दत्तपूरला कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. परचुरेशास्त्री सेवाग्रामला आले तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं, स्वतः त्यांना मालिश केलं. परचुरे कुटी आजही तिथे आहे. त्या वेळी खात्रीचं औषध नव्हतं, आणि रोग लागतो ही समजूत सगळीकडे होती. ‘हा रोग लागत नाही, म्हणून’ असं म्हणून त्यांना ठेवलं नाही. ते माणूस होते, आजारी होते, दाराशी आले होते. तिथे कोणत्याही ‘म्हणून’ची गरज पडली नाही.

शब्दावर एवढा वेळ का घालवायचा, असं विचाराल, तर त्याचं उत्तर औषधाच्या डबीत आहे. योग्य उपचार मिळाले तर शंभरातले सत्तरपर्यंत रुग्ण झटक्यांवाचून जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण ‘दोष’ ठरलेली गोष्ट लपवावी लागते. मुलीला गोळ्या चालू असतात, सोयरीक जुळते, सासरी कळू नये म्हणून लग्नाच्या आठवड्यात गोळ्या बंद होतात. या गोळ्या एकदम बंद केल्या की झटके उसळून येतात, कधी एकामागून एक असे येतात की थांबत नाहीत, आणि त्यात जीव जाऊ शकतो. शिवाय व्हॅल्प्रोएटसारखं औषध गर्भाला अपाय करू शकतं. दिवस जाण्याआधी डॉक्टरांशी बोलून औषध ठरवावं लागतं. जिनं आजारच लपवलाय, ती कुणाशी बोलणार?

उलट, जनुकांचं ज्ञान जिथे वापरायचं तिथे ते जीव वाचवतं. ड्रावे सिंड्रोम असलेल्या मुलाला कार्बामाझेपिन दिलं तर झटके वाढू शकतात. जनुक कळलं तर ती चूक टळते. काही आशियाई लोकांत एचएलए-बी*१५:०२ नावाचा एक फरक असतो. अशांना कार्बामाझेपिननं त्वचा सोलून काढणारी भयंकर प्रतिक्रिया येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००७ साली आशियाई वंशाच्या रुग्णांसाठी आधी तपासणी करण्याचा इशारा दिला तो यासाठीच. जनुकीय वैविध्याची जागा डॉक्टरांच्या चिठ्ठीत आहे. लग्नाच्या बायोडाटात नाही. ज्यांना मुलांबद्दल खरीच शंका आहे, त्यांनी जनुकीय समुपदेशकाकडे जावं, दोघांनी मिळून जावं, आणि निर्णय दोघांनी घ्यावा. पाहुण्यांच्या बैठकीला तो अधिकार नाही.

तेव्हा आमची मागणी छोटी आहे. लिहिणाऱ्यांनी, भाषांतर करणाऱ्यांनी, डॉक्टरांनी ‘जनुकीय दोष’ हा शब्द सोडावा. ‘जनुकीय फरक’ म्हणावं, ‘जनुकीय बदल’ म्हणावं. ‘आनुवंशिक’ तिथेच म्हणावं, जिथे तो आईवडिलांकडून आल्याचं ठाऊक आहे. शब्द बदलल्यानं माणसं लगेच बदलतील असा आमचा भ्रम नाही. पण डॉक्टरांच्या तोंडून निघालेला ‘दोष’ घरी पोचेपर्यंत आईचा दोष होतो, एवढं आम्ही पक्कं ओळखून आहोत. ती बाई आधीच रात्ररात्र जागून लेकराच्या उशाशी बसलेली असते. तिच्यावर आणखी एक ओझं आपण भाषेच्या आळसापायी टाकू नये.

आता प्रश्न विचारा. कठीण असतील तर अधिक बरं.